नवा फोन की भविष्याची बचत? आधी उपकरणाचा 'महिना-खर्च' काढा

हिशोबनीस

फोन, लॅपटॉप, टीव्ही घेताना बहुतेक जण छापील किंमत बघतात, नाहीतर हप्ता किती बसतो ते बघतात. निर्णय घ्यायला हे दोन्ही आकडे अपुरे आहेत. खरा आकडा म्हणजे ती वस्तू वापरायला दर महिन्याला किती पडते. तो असा काढायचा:

(खरेदी किंमत + वापराच्या काळातली दुरुस्ती − शेवटी विकून आलेली रक्कम) ÷ वापरलेले महिने

फोनची किंमत १०० धरा. दोन वर्षांनी ४० ला विकला तर ६० भागिले २४, म्हणजे महिन्याला २.५. तोच फोन पाच वर्षं वापरला, मध्ये ८ खर्चून बॅटरी बदलली आणि शेवटी १० आले, तर ९८ भागिले ६०, म्हणजे १.६३. फरक महिन्याला ०.८७. आकडे उदाहरणाचे आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. फोनबरोबर येणारं कव्हर, चार्जर, क्लाउडची वर्गणी हेही खरेदी किमतीत धरा. हिशोबातून सगळ्यात जास्त निसटतं ते हेच.

माझं मत स्पष्ट आहे. आधीच बाजूला ठेवलेल्या पैशांतून घेतलेलं उपकरण बचतीच्या आड येत नाही. पुढच्या पगारांतून फेडायच्या बोलीवर घेतलेलं येतं. धाग्यात यावरच बोलूया: उपकरण किती काळ टिकवता येतं, आणि त्याचा पैसा कुठून यावा.

चक्रवाढ

तो ०.८७ चा फरक पुढे नेऊन बघूया. दरमहा ०.८७ याप्रमाणे ३० वर्षं, वार्षिक ७ टक्के परताव्याने, साधारण १०६० होतात. म्हणजे आजच्या किमतीचे साडेदहा फोन.

पण हा आकडा असाच सांगणं फसवं आहे. महागाई ५ टक्के धरली तर खरा परतावा २ टक्क्यांच्या आसपास उरतो, आणि आजच्या मोलात हाती येतात सुमारे ४३०, म्हणजे चार फोनांच्या वर थोडे. तेही कमी नाहीत. फक्त 'फोन बदलला नाही तर म्हातारपण सुटलं' असे जे तक्ते फिरत असतात, त्यांत महागाई वजा केलेली नसते. तीस वर्षांनंतरची रक्कम कोणी सांगितली की पहिला प्रश्न हाच विचारावा.

मध्यममार्गी

चक्रवाढ यांचा हिशोब बरोबर आहे, पण त्यातूनच माझा मुद्दा निघतो. घर, वाहन, शिक्षण, आजारपण या खर्चांपुढे फोनचा फरक लहान आहे. उपकरणावर खर्च करणारा प्रत्येक जण उधळ्या, ही भूमिका मला मान्य नाही. ज्याचं काम व्हिडिओ संपादनाचं आहे त्याला जुन्या लॅपटॉपवर फाइल तयार व्हायला तिप्पट वेळ लागत असेल, तर तो लॅपटॉप न बदलणं हाच तोटा. कमी दिसणाऱ्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या माणसाला नव्या फोनमधल्या सोयी मिळत असतील, तर तो खर्च चैनीचा नाही.

बदलावं की नाही याची माझी कसोटी एका वाक्याची: जुन्या उपकरणात नेमकं काय होत नाही ते लिहून काढा, आणि ते दुरुस्त करायला किती लागतं ते त्यापुढे लिहा. 'स्लो झालाय' हे उत्तर नाही. 'कॅमेरा उघडला की बंद पडतो' हे उत्तर आहे.

हिशोबनीस

@मध्यममार्गी, कामाच्या अवजाराबद्दल पूर्ण सहमत. रक्कम लहान आहे हेही खरं. पण हप्ते एकटे राहत नाहीत. फोनचा, घड्याळाचा, टीव्हीचा असे तीन-चार लहान हप्ते एकावर एक चढले की दर महिन्याच्या पगारातला एक भाग आधीच गहाण पडतो. नोकरी गेली तर किराणा कमी करता येतो, हप्ता कमी करता येत नाही. वस्तूची किंमत लहान असूनही धोका मोठा होतो तो इथे. आणि मग अडचणीच्या वेळी पहिली मोडली जाते ती दीर्घ मुदतीची बचतच.

दरपत्रक

हप्त्यांचा विषय निघालाच आहे तर गणित मांडतो, कारण 'बिनव्याजी' या शब्दावर फार लोक विश्वास ठेवतात.

समजा वस्तूची किंमत १००. रोख दिल्यास ८ टक्के सूट, नाहीतर सहा बिनव्याजी हप्ते, प्रत्येकी १६.६७. हप्ते घेणारा ती सूट सोडतो. म्हणजे तो प्रत्यक्षात ९२ उसने घेतो आणि १०० फेडतो. पहिला हप्ता महिन्याने असेल तर हा दर महिन्याला सुमारे २.४ टक्के, वर्षाला साधारण २९ टक्के पडतो. प्रक्रिया शुल्क लावलं तर आणखी वर. म्हणून विचारायचा प्रश्न 'व्याज किती' हा नाही. 'आत्ता पूर्ण पैसे दिले तर कमीत कमी किती घ्याल' हा आहे. दोन्हीकडे खरोखर एकच किंमत असेल आणि शुल्क शून्य असेल, तरच हप्ता बिनव्याजी.

दुसरा सापळा सपाट दराचा. १०० चं कर्ज, १२ महिने, सपाट १२ टक्के, म्हणजे एकूण ११२, हप्ता ९.३३. ऐकायला १२ टक्के. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं आणि व्याज मात्र पूर्ण १०० वर लावलेलं असतं. घटत्या शिलकीवर तोच दर साधारण २१.५ टक्के होतो. दोन प्रस्तावांची तुलना करताना दोघांचेही दर घटत्या शिलकीवरचे मागा.

क्रेडिट कार्डची थकबाकी सगळ्यात वाईट. महिन्याला ३ टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर. शिवाय बऱ्याच कार्डांवर थकबाकी ठेवली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजलं जातं. ही थकबाकी डोक्यावर असताना ७ टक्क्यांची बचत चालू ठेवून नवं उपकरण घेणं म्हणजे तिन्ही बाजूंनी नुकसान.

कार्डाने माणूस जास्त मोजतो, हेही तपासलं गेलं आहे. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या संशोधकांच्या २००१ सालच्या प्रयोगात बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी कार्डाने पैसे देणाऱ्यांची बोली रोख देणाऱ्यांच्या सरासरी दुप्पट गेली होती. म्हणून मोठी खरेदी थेट खात्यातून करावी, असं माझं मत.

सर्किट

आता टिकवण्याबद्दल. फोन 'म्हातारा' होण्याची कारणं प्रामुख्याने तीन: बॅटरी, साठवण आणि सॉफ्टवेअर अपडेट. पहिल्या दोनवर इलाज आहे, तिसऱ्यावर सहसा नाही.

बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीचं आयुष्य चार्ज-चक्रांत मोजतात. एक चक्र म्हणजे एकूण १०० टक्के वापर, मग तो एका दिवसात होवो की दोन दिवसांत. रोज ६० टक्के वापर असेल तर वर्षाला सुमारे २२० चक्रं होतात. ५०० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता, अशी बॅटरी असेल तर सव्वादोन वर्षांत ती तिथे पोचते. ॲपलच्या आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेलांना ५०० चक्रांचं मोजमाप होतं, आयफोन १५ पासून १००० चं आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तिथे विकायला येणाऱ्या नव्या फोनची बॅटरी ८०० चक्रांनंतर किमान ८० टक्के क्षमतेची असावी लागते.

बॅटरी जुनी झाली की फक्त लवकर संपत नाही. तिचा अंतर्गत रोध वाढतो. कॅमेरा किंवा गेम चालू केल्यावर एकदम जास्त करंट लागतो, व्होल्टेज कोसळतं आणि फोन २०-३० टक्क्यांवरही बंद पडतो. ते टाळायला काही फोन प्रोसेसरचा वेगच कमी करतात. 'फोन स्लो झाला' या तक्रारीत बॅटरी दोषी असण्याची शक्यता म्हणूनच बरीच असते. सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ बघा. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या फोनच्या किमती बघण्याआधी बॅटरीची किंमत विचारा.

बदलताना काय बिघडतं: मागची काच गोंदाने चिकटवलेली असते, ती उघडली की पाणीरोधक सील जातं. नवं सील लावून मागा, आणि लावल्यावरही पाण्यापासून जपा. काही फोनमध्ये भाग मदरबोर्डाशी जोडून नोंदवलेले असतात, त्यामुळे बाहेरची बॅटरी टाकली की 'अनोळखी भाग' अशी सूचना येते किंवा बॅटरी हेल्थ दिसत नाही. बॅटरी फुगून काच उचलली गेली असेल तर दाबू नका, चार्ज करू नका. सरळ दुरुस्तीला द्या.

आयुष्य वाढवायला सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उष्णता टाळणं. ३५ अंशांच्या वरचं वातावरण क्षमता कायमची कमी करतं. चार्जिंगला लावून गेम खेळणं, जाड कव्हर घालून जलद चार्ज करणं, गाडीत काचेसमोर ठेवणं हे टाळा. ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असेल तर चालू ठेवा. महिनोन्‌महिने कपाटात ठेवायचा फोन निम्म्या चार्जवर ठेवा.

साठवण. फ्लॅश मेमरी जवळजवळ भरली की लिहिण्याचा वेग पडतो, कारण रिकामे ब्लॉक शोधायला कंट्रोलरला जागा उरत नाही. १० ते १५ टक्के जागा कायम मोकळी ठेवा.

सॉफ्टवेअर. सुरक्षा-अपडेट थांबले की बँकेचे व्यवहार त्या फोनवर करू नयेत. फोनचा खरा शेवट हा. गुगलने पिक्सेल ८ पासून (ऑक्टोबर २०२३) आणि सॅमसंगने गॅलॅक्सी एस२४ पासून (जानेवारी २०२४) सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं आहे. वर हिशोबनीस यांनी मांडलेली पाच वर्षं अशा फोनांत सहज शक्य आहेत. दोनच वर्षं अपडेट मिळणाऱ्या फोनमध्ये नाहीत.

नवपगारी

@सर्किट, मग दोन वर्षं जुनं मॉडेल सवलतीत घ्यावं का? नवीन मॉडेल आलं की आधीचं बरंच उतरतं.

सर्किट

अपडेटच्या वर्षांची मोजणी खरेदीपासून नाही, बहुतेक वेळा मॉडेल बाजारात आल्यापासून चालू होते. म्हणून किमतीला उरलेल्या अपडेट-वर्षांनी भागा. सात वर्षांचा फोन नवा १०० ला, म्हणजे वर्षाला १४.३. तोच दोन वर्षांनी ७० ला, उरली पाच, म्हणजे वर्षाला १४. बरोबरीचं प्रकरण. पण चारच वर्षं अपडेट असलेला फोन नवा १०० ला वर्षाला २५ पडतो, आणि दोन वर्षांनी ६० ला घेतला तर ३०. चाळीस टक्के सूट मिळूनही महाग.

वापरलेला फोन घेताना विकणाऱ्यासमोरच तपासायच्या गोष्टी: डायलरवर स्टार-हॅश-०६-हॅश दाबून येणारा आयएमईआय (फोनचा ओळख-क्रमांक) बिलाशी जुळतो का, जुन्या मालकाचं खातं काढलंय का (फॅक्टरी रीसेट करून पुन्हा चालू करून बघा, नाहीतर फोन कुलूपबंद होतो), बॅटरी हेल्थ, पांढऱ्या आणि काळ्या पडद्यावर डाग, कॉलवर दोन्ही बाजूंचा आवाज, चार्जिंग पोर्ट हलवल्यावर चार्जिंग तुटतं का.

स्क्रूड्रायव्हर

लॅपटॉपबद्दल भर घालतो, कारण तिथे वाचणारी रक्कम मोठी असते.

हार्ड डिस्क असलेला लॅपटॉप संथ वाटत असेल तर एसएसडी (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) टाकणं हा सगळ्यात परिणामकारक बदल. क्रम असा: आधी संपूर्ण बॅकअप. मग मॉडेलची माहितीपुस्तिका काढून कोणती एसएसडी बसते ते बघा: अडीच इंची साटा (चपट्या डबीसारखी), की एम.२ (पट्टीसारखं कार्ड). एम.२ ची खाच असेल तर ती साटा चालवते की एनव्हीएमई (माहिती नेण्याच्या या दोन वेगळ्या पद्धती), हे नक्की करा. गोंधळ होतो तो इथेच. कार्ड खाचेत बसतं पण संगणकाला दिसत नाही. लांबीही बघा, २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. उघडण्याआधी बंद करा, चार्जर काढा, आतली बॅटरीची जोडणी सोडवा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, कागदावर जागेप्रमाणे लावून ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला तर बोर्ड जातो.

काही वेळ वापरल्यावर मंद होणारा लॅपटॉप बहुधा तापत असतो. पंख्याच्या जाळीत धूळ आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) ही कारणं. हवा मारताना पंख्याची पाती काडीने धरून ठेवा, भरभर फिरू देऊ नका. पेस्ट पातळ थरात. जास्त लावून फायदा नाही.

रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) वाढवायचा विचार असेल तर खरेदीच्या दिवशीच बघायला हवं, कारण बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावर पक्की केलेली असते. नवा घेताना एकाच जागी जास्त पैसे घालायचे असतील तर तिथे घाला. एसएसडी बहुतेकदा नंतर वाढवता येते, पक्की केलेली रॅम येत नाही.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची सोय) लागतं. 'तुमचा संगणक पात्र नाही' असं आलं तर लगेच नवा घेऊ नका. आधी बायोसमध्ये (संगणक चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ते नुसतं बंद ठेवलेलं नाही ना ते बघा. इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने असतं. प्रोसेसरच विंडोज ११ च्या यादीत नसेल तर ब्राउझर, लेखन आणि हिशोब एवढ्याच कामाचा लॅपटॉप लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली) आणखी काही वर्षं व्यवस्थित चालतो. लागणारं सॉफ्टवेअर चालतं का ते पेनड्राइव्हवरून सुरू करून आधी बघता येतं.

नवपगारी

पहिल्याच नोकरीत असलेल्या माणसाने क्रम काय ठेवावा? आणि उपकरणांसाठी महिन्याला किती बाजूला काढावेत?

हिशोबनीस

क्रम: आधी कार्डाची आणि जास्त व्याजाची थकबाकी शून्य. मग तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाएवढी आपत्कालीन शिल्लक. मग निवृत्तीची दीर्घ बचत, रक्कम लहान असली तरी सुरू. त्याच्या बरोबरीने उपकरणांचं घसारा खातं. व्यवसायात यंत्राची झीज दरवर्षी खर्चात धरतात, तेच घरात करायचं.

समजा घरातलं महिन्याचं उत्पन्न १०० आहे. दोन फोन, प्रत्येकी ४०, चार वर्षं टिकणारे: ८० भागिले ४८, म्हणजे १.६७. लॅपटॉप १२०, सहा वर्षं: १.६७. टीव्ही ८०, आठ वर्षं: ०.८३. हेडफोन दोन, मिळून १६, तीन वर्षं: ०.४४. राउटर ६, पाच वर्षं: ०.१. बॅटऱ्या आणि दुरुस्तीसाठी ०.४. बेरीज ५.१, म्हणजे उत्पन्नाचे सुमारे पाच टक्के. फोन दर दोन वर्षांनी बदलायचे ठरवलेत तर तीच बेरीज ६.८ होते. हा पर्याय कोणी निवडला तर माझी हरकत नाही, पण तो आकडा आधी डोळ्यांसमोर असावा.

अडचण येते ती सुरुवातीला. खातं रिकामं असतं आणि घरातली उपकरणं मात्र अर्धी झिजलेली. त्या लॅपटॉपची चार वर्षं झाली असतील तर १.६७ ने दोन वर्षांत ४० जमतील, १२० नाही. म्हणून पहिल्या फेरीत किंमत भागिले उरलेले महिने करा: १२० भागिले २४, म्हणजे ५. एवढं झेपत नसेल तर मार्ग दोनच: आयुष्य वाढवा (स्क्रूड्रायव्हर यांचा प्रतिसाद), किंवा पुढचा लॅपटॉप कमी किमतीचा ठरवा. दुसऱ्या फेरीपासून रक्कम खाली येते.

सगळे फोन एकाच महिन्यात घेऊ नका. तसं केलं की ते एकाच वेळी थकतात. एक-दीड वर्षाचं अंतर असलं की खात्यावर ताण येत नाही, आणि एक जण नवा घेताना दुसऱ्याला जुना देता येतो.

हे खातं आपत्कालीन शिल्लकेपासून वेगळं ठेवा, अगदी वेगळ्या बँक-खात्यात. एकत्र असलं की सेलच्या दिवशी आपत्कालीन शिल्लक 'पुरेशी' वाटायला लागते.

चक्रवाढ

आणि हे सगळं पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळतं करा. महिनाअखेर उरेल ते टाकू म्हटलं की उरत नाही. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी या अर्थतज्ज्ञांनी एका कंपनीतल्या कामगारांना आजच्या पगारातून नव्हे, तर पुढच्या पगारवाढींतून बचतीचं प्रमाण वाढवायला आधीच संमती द्यायला सांगितलं. २००४ साली त्यांनी मांडलेल्या निष्कर्षानुसार त्या गटाची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हातात येणारी रक्कम कमी होत नाही, त्यामुळे ते जाचत नाही. @नवपगारी, पुढची पगारवाढ व्हायच्या आधीच बँकेला सूचना देऊन ठेवा: वाढीचा अर्धा भाग दीर्घ बचतीत. वाढ हातात पडल्यावर ठरवायला बसलात तर तोवर नवा फोन ठरलेला असतो.

मध्यममार्गी

वाढीव वॉरंटी या खात्याच्या हिशोबात कुठे बसते? दुकानात प्रत्येक वस्तूबरोबर विचारतात.

दरपत्रक

बहुतेकदा बसत नाही. उत्पादनातले दोष बरेचसे सुरुवातीच्या काळात दिसतात, तो काळ कंपनीच्या मूळ वॉरंटीत असतो. झिजेचे दोष बरेच नंतर येतात, आणि बॅटरीसारखे झिजणारे भाग वाढीव वॉरंटीतून अनेकदा वगळलेले असतात. मधल्या शांत काळासाठी आपण वॉरंटीचे पैसे भरतो. तीन गोष्टी वाचून ठरवा: पडणं आणि पाणी यांत धरलंय का, प्रत्येक दाव्यावर स्वतः किती भरायचं, आणि भरपाई मूळ किमतीची की घसारा वजा करून. घसारा खात्यात पैसे असतील तर तोच तुमचा विमा. जिथे पडद्याची दुरुस्ती फोनच्या निम्म्या किमतीला जाते आणि फोन हातातून वारंवार पडतो, तिथे अपघात-संरक्षण घेणं मात्र मी समजू शकतो.

नवपगारी

शेवटचा प्रश्न. खात्यात ४० जमले आणि फोन अजून चांगला चालतोय, तर ते पैसे कुठे ठेवायचे? शेअरमध्ये टाकले तर वाढतील ना?

चक्रवाढ

ज्या पैशांची गरज पाच वर्षांच्या आत कधीही पडू शकते ते शेअरमध्ये नको. बाजार तीस टक्के खाली असतानाच फोन बंद पडला तर तोटा घेऊन विकावे लागतील. आवर्ती ठेव किंवा लगेच काढता येणारी ठेव पुरेशी आहे. मुदत फोनच्या अपेक्षित शेवटाच्या दोन-तीन महिने आधी संपेल अशी निवडा, आणि मुदतीआधी मोडल्यास दंड किती ते आधी विचारा.

लक्ष्य गाठलं की त्या फोनपुरती भर थांबवा आणि ती १.६७ मधली ०.८३ दर महिन्याला निवृत्तीच्या बचतीकडे वळवा. फोन जितके महिने जास्त चालेल तितके महिने ती रक्कम तिकडे जात राहील. अपडेट थांबण्याची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, म्हणजे थांबायचं कधी हेही ठरलेलं राहील.